‘शालाबाह्य’ हा रकाना माझ्या मुलाचा नाही

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच राज्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक यांस

विषय : घरी शिकणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची नोंद आणि त्यांच्या घरांकडे पाहण्याची रीत

महोदय, महोदया,

गेल्या जुलै महिन्यात शालाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी दोन शिक्षिका आमच्या घरी आल्या. छत्र्या दारात निथळत ठेवून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फॉर्म काढले आणि घरात सहा ते चौदा वयाचे कोणी आहे का, असे विचारले. माझा अकरा वर्षांचा मुलगा त्या वेळी स्वयंपाकघरात फरशीवर बसून आजीच्या जुन्या मापांनी ज्वारी मोजत होता. तो कितवीत आहे, या प्रश्नाला मी, “घरी शिकतो, त्याला ऑटिझम आहे,” असे उत्तर दिले. बाई भल्या होत्या. त्यांनी फॉर्म दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला, सोबतच्या बाईंना दाखवला आणि मग जरा ओशाळून म्हणाल्या, “ताई, पटावर नाव नाही, गृहाधारित शिक्षणाच्या यादीतही नाव नाही. मग शालाबाह्यच लिहावं लागेल.” आणि तसे लिहून, चहा न घेता, त्या पुढच्या घरी गेल्या.

मी चौदा वर्षे एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. ज्या रकमेला रकाना नाही तिची नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही ती काही वर्षांनी बुडीत धरली जाते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून हे पत्र मी त्या रकान्यापासून सुरू करते आहे.

आपल्या विभागाच्या व्याख्येनुसार सहा ते चौदा वयोगटातले जे बालक शाळेत दाखलच झालेले नाही, किंवा दाखल होऊन ज्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण केलेले नाही, किंवा जे एक महिन्यापेक्षा अधिक काळ सतत गैरहजर आहे, ते शालाबाह्य. ही व्याख्या वीटभट्टीवर आईबापांबरोबर राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, सिग्नलवर फुगे विकणाऱ्या मुलांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी असा शोध घेतला गेला, तेव्हा पतसंस्थेतल्या आम्ही सगळ्यांनी त्याचे कौतुक केले होते. परंतु ज्या मुलाला शिकवण्यासाठी घरातल्या एका माणसाने नोकरी सोडली आहे, त्याला त्याच ओळीत बसवले की दोन्हींकडचे सत्य हरवते.

माझा मुलगा या ओळीत कसा आला, ते सांगणे आवश्यक आहे. चौथ्या वर्षी त्याचे निदान झाले. सहाव्या वर्षी नवा गणवेश, नवे दप्तर आणि पाण्याची निळी बाटली देऊन आम्ही त्याला पहिलीत घातले आणि तिसरीपर्यंत तो पटावर होता. शाळेचे नाव मी लिहिणार नाही. तिथले कोणी वाईट नव्हते. वर्गात सेहेचाळीस मुले होती आणि डोक्यावर पत्रा होता. बाक सरकवल्याचा आवाज आपण ऐकतो आणि विसरतो. त्याच्या कानात तो सुरीने ताटली खरवडल्यासारखा शिरतो आणि तिथेच राहतो. परिपाठाचा ढोल वाजला की तो उजवे मनगट तोंडात धरून चावत असे. दुसरीच्या सहामाहीपर्यंत त्या मनगटावर नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा घट्टा पडला होता. वर्गात त्रास होतो म्हणून त्याला व्हरांड्यात शिपाईमामांच्या स्टुलाजवळ बसवू लागले, मग रोज अकराच्या सुमाराला मला फोन येऊ लागला, “घेऊन जाता का?” तिसरीत इतर पालकांनी सह्यांचा अर्ज दिला. त्या अर्जावर आमच्या शेजारणीचीही सही होती. ती मला आजही भाजी निवडताना भेटते आणि आम्ही दोघीही तो विषय काढत नाही.

अर्ज आल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावून मोठ्या समजूतदारपणे एक तोडगा सांगितला. “नाव राहू द्या, पाठवू नका. परीक्षेचं मी बघतो.” आधार जोडलेला विद्यार्थी पटावरून कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद धोक्यात येते, हे मला नंतर कळले. म्हणजे शाळेला नाव हवे होते, मुलगा नको होता. पुढचे आठ महिने तो घरी होता आणि हजेरीपटावर हजर होता. वर्षाअखेरीस जे प्रगतिपुस्तक हाती आले त्यात ‘समूहगीत आवडीने गातो’ अशी वर्णनात्मक नोंद होती. त्या वर्षी माझा मुलगा दिवसाला जेमतेम वीस शब्द बोलत असे, आणि समूहगीत सुरू झाले की कानात बोटे घालून पळत सुटत असे.

ते प्रगतिपुस्तक मी अजून जपून ठेवले आहे. हिशेबाच्या वहीत खोटी नोंद करणाऱ्याला आमच्या पतसंस्थेत घरी बसवले असते. मी शाळा सोडल्याचा दाखला काढून घेतला, नोकरीचा राजीनामा दिला आणि आम्ही जे प्रत्यक्षात चालले होते ते उघडपणे करू लागलो. जोपर्यंत खोटी हजेरी लागत होती तोपर्यंत शासनाच्या लेखी माझा मुलगा शिकत होता. मी खरे सांगितले, त्या दिवशी तो शालाबाह्य झाला.

आता आमच्या घरी काय चालते, ते पाहू. सकाळी साडेनऊ वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी आठ चित्रे लावलेली असतात : अंघोळ, नाश्ता, मोजमाप, झोका, वाचन, बाजार, जेवण, विश्रांती. एक काम झाले की तो ते चित्र काढून बिस्किटाच्या डब्यात टाकतो. दिवसात पुढे काय येणार आहे हे डोळ्यांना दिसत राहिले, की त्याची निम्मी भीती कमी होते. सुरुवातीला वीज गेली की सगळा दिवस कोसळत असे. मग आम्ही विझलेल्या दिव्याचे नववे चित्र काढले, आणि वीज गेली की ते तो स्वतः दोरीवर चढवतो.

मोजमापाची कथा थोडी सविस्तर सांगते. अपूर्णांकाच्या पुस्तकातला कापलेला पिझ्झा पाहून त्याला काहीच बोध होत नव्हता. आमच्या तालुक्यात पिझ्झा त्याने पाहिलेलाच नव्हता, आणि केकचे चित्र दाखवले तर तो वाढदिवसाचा फुगा फुटण्याच्या धास्तीने पान उलटत असे. सासूबाईंनी एके दिवशी माळ्यावरून धान्याची जुनी मापे काढली. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. त्यांनी काहीही न सांगता एकदा भरून, ओतून दाखवले. तीन आठवडे तो रोज ज्वारी ओतत राहिला. आम्हाला वाटले, हा नेहमीचाच एक चाळा लागला असेल, आणि खरे सांगायचे तर माझे पती मापे परत माळ्यावर टाकायला निघाले होते. चौथ्या आठवड्यात त्याने पायलीसमोर चिपटे ठेवले, फ्रिजवरच्या चुंबकाच्या अंकांतून एक आणि सहा काढून शेजारी लावले आणि माझ्या हाताला धरून मला तिथे नेले. पायलीत सोळा चिपटी मावतात, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. आता त्याला पाव, अर्धा, पाऊण कळतात. दुकानदाराने पाऊण किलोऐवजी अर्धा किलो शेंगदाणे दिले, तर तो पिशवी घेत नाही. पेन्सिल धरून ‘१/४’ लिहिणे मात्र त्याला आजही जमत नाही, आणि सेहेचाळीस मुलांच्या वर्गात जे लिहिता येत नाही ते येत नाही असेच धरले जाते.

सगळे जमते, असा माझा दावा नाही. वाचनात तो त्याच्या वयाच्या मुलांच्या तीन वर्षे मागे आहे. बालभारतीचे पुस्तक मी पाठापाठांत सुटे केले आहे, तरी कवितेपाशी आम्ही अडतो. इंग्रजी मी जवळजवळ सोडून दिले आहे. त्याला मित्र एकच आहे, तोही शेजारच्या गल्लीतला कॅरम खेळणारा मुलगा, जो परीक्षा आली की महिनाभर फिरकत नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानावरून लाउडस्पीकरचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो, तेव्हा मी खिडकी लावून घेते. त्याच्या कानांसाठी लावते असे सांगते, ते पूर्ण खरे नाही. आणि दुपारी चारनंतर माझी स्वतःची शक्ती संपलेली असते. तेव्हा तासभर तरी प्रशिक्षित माणूस यावा, एवढेच मागण्यासाठी मी शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या गट साधन केंद्राच्या जिन्यावर जितक्या वेळा चढले, तितक्या वेळा पतसंस्थेचा जिनाही वर्षाला चढत नव्हते.

त्या जिन्यावर मला कायद्याची ओळख झाली. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, बहुविकलांग आणि तीव्र विकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. तीव्र म्हणजे काय, यासाठी दुरुस्ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याकडे बोट दाखवते आणि तिथे ८० टक्के वा त्याहून अधिक विकलांगता अशी व्याख्या आहे. माझ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के असे लिहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेला एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्पष्ट स्थान दिले आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण या तरतुदीत शाळा आहे, घर नाही. त्यामुळे ज्याचे दिव्यांगत्व ऐंशीच्या वर आहे त्याला घर मिळू शकते, आणि चाळीस ते ऐंशीच्या मधल्या मुलाला ज्या शाळेत टिकता येत नाही ती शाळाच मिळते.

हे टक्के कसे ठरतात, तेही आपण एकदा पाहावे. भारतात स्वमग्नता मोजण्यासाठी जी मापनश्रेणी वापरतात तिच्यात चाळीस बाबी आहेत आणि प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण आहेत. सामाजिक नाते, भावना, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन या सहा अंगांनी मुलाला पाहिले जाते. मापनश्रेणीवर माझा आक्षेप नाही. पेन्शन, सवलती, प्रमाणपत्र यांसाठी असे काहीतरी लागणारच. पण माझ्या मुलाचे मूल्यमापन झाले ते जिल्हा रुग्णालयातल्या एका शांत खोलीत, त्याच्या मांडीवर त्याची पाण्याची निळी बाटली असताना. त्या खोलीतले ६० टक्के पत्र्याखालच्या वर्गात किती होतात, हे त्या कागदावर येत नाही. घरी शिकण्याची परवानगी त्या एका आकड्याला बांधणे म्हणजे चपलेचा नंबर पाहून चष्मा देण्यासारखे आहे.

नियम एक वेळ बदलतील. वृत्तीचे काय, हा मला अधिक सतावणारा प्रश्न आहे. आम्ही त्याला घरी शिकवतो हे कळल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याचे माझ्याकडे तीन वर्षांचे संकलन आहे. नातेवाईक म्हणतात, लाडावून ठेवलाय, शाळेत टाकला असता तर चार पोरांत आपोआप सुधारला असता. अधिकारी म्हणतात, म्हणजे तुम्ही त्याला घरात ठेवता. आणि ‘ठेवता’ या शब्दावर असा काही जोर असतो की जणू मी त्याला कोंडून घातले आहे. एका सुशिक्षित काकांनी लग्नाच्या पंगतीत, समावेशक शिक्षणाच्या काळात हे मागे जाणे नाही का, असे विचारले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण व्हरांड्यातल्या स्टुलाजवळ बसवलेला मुलगा त्यांच्या हिशेबात समाविष्ट होता, आणि बाजारात शेंगदाणे मोजून घेणारा मुलगा वगळलेला आहे, हे गणित मला सुटत नाही.

आईला जबाबदार धरणे हेही यातले जुनेच दुखणे आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीला नाव दिले, आणि त्यानंतर पुढची कित्येक वर्षे, आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, असे मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ सांगत राहिले. १९६०च्या दशकापासून तो समज मोडीत निघत गेला. आमच्याकडे मात्र तो उलटा होऊन आला आहे : तिथे आई थंड म्हणून दोषी होती, इथे आई सोडत नाही म्हणून दोषी.

आणि घर म्हणजे शिक्षण नव्हे, असे ठामपणे म्हणणाऱ्या विभागानेच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला घरोघरी मोबाइलवर पाठवली होती, याची मी नम्रपणे आठवण करून देते. त्या काळात राज्यातली सगळी मुले घरी होती आणि त्यांतल्या कोणालाही त्या कारणासाठी शालाबाह्य ठरवले गेले नाही. आमच्या मुलांसाठी मी याहून वेगळे काही मागत नाही.

इथे मी स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर हे पत्र उद्या कोणाच्या तरी हातात शस्त्र होईल. घरी शिकवणे हा पर्याय शाळांच्या हाती दिला, तर जे मुख्याध्यापक आज “नाव राहू द्या, पाठवू नका” म्हणतात ते उद्या “घरीच शिकवा, आता नियमातच बसतं” म्हणतील. कित्येक स्वमग्न मुले सर्वसाधारण वर्गात उत्तम शिकतात. थोडी शांत जागा, मदतनीस आणि समजून घेणाऱ्या बाई मिळाल्या की त्यांना घरी बसवणे हा अन्यायच होईल. घरी एक माणूस दिवसभर रिकामा असणे ही चैन आहे. दोघेही मजुरीला जाणाऱ्या आईवडिलांना शाळाच हवी आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे. प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या कायद्यातच लिहिले आहे. माझ्याकडेही सासूबाई नसत्या आणि पतींचा पगार नसता, तर मी आज हे पत्र लिहिण्याऐवजी त्याच व्हरांड्यातल्या स्टुलाची कृतज्ञ राहिले असते. म्हणून घराची निवड आईवडिलांनी आणि शक्य तितकी मुलाने करायची आहे. शाळेने ती सुचवूही नये, आणि तसे सुचवले गेल्यास ती प्रवेश नाकारल्याची तक्रार म्हणून नोंदवली जावी.

विशेष शिक्षकांचा प्रश्न याला जोडूनच येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली, हे चांगले झाले. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, आणि त्या सगळ्या शाळांच्या दारी जाऊन आलेल्या शिक्षकाने घराच्या दारी कधी जायचे? आमच्याकडे गेल्या तीन वर्षांत विशेष शिक्षक दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मुलाशी पंधरा मिनिटांत जी मैत्री केली ती पाहून मी थक्क झाले, आणि दोन्ही वेळा, यादीत नाव नसल्याने ही भेट अहवालात दाखवता येणार नाही, असे त्यांनी जाताना सांगितले. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. ती रक्कम मोठी नाही. आमचा स्पीच थेरपीसाठी जिल्ह्याच्या गावी जाण्याचा पेट्रोलखर्चच दोन-तीन महिन्यांत तेवढा होतो. मुद्दा पैशांचा नाही. मुद्दा असा की ती रक्कमही पटावरच्या विद्यार्थ्याची आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की प्रत्येक घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव त्याच्या जवळच्या शाळेच्या पटावर ‘घरी शिकणारा विद्यार्थी’ म्हणून असावे, संचमान्यतेत ते मोजले जावे आणि त्याच्या नावापुढे हजेरीची खोटी ‘ह’ लावण्याची कोणावर वेळ येऊ नये. त्यामुळे शाळेलाही नाव आणि मुलगा यांत निवड करावी लागणार नाही. प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांऐवजी विशेष शिक्षक, पालक आणि वर्गशिक्षक यांनी मिळून वर्षाला एक लेखी आराखडा करावा, त्यात मूल काय शिकेल आणि ते कसे पाहिले जाईल हे असावे, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी घरी येऊन ते खरोखर पाहावे. तपासणीला माझी हरकत नाही, उलट मला ती हवी आहे. मूल खरोखरच कोंडून ठेवलेली घरे असतात, आणि ती शोधण्याचा दुसरा मार्ग नाही.

याच आराखड्यात अर्धवेळ शाळेची सोय हवी. माझा मुलगा सकाळच्या परिपाठात बसू शकत नाही, पण शनिवारी सकाळी, वर्ग मोकळा असताना, शाळेच्या बागेत झाडांना पाणी घालायला तो आनंदाने जाईल. आठवड्याला दोन तासांनी सुरुवात झाली, तर दोन वर्षांनी तो रोज दोन तास जाईलही, कोण जाणे. आजच्या पद्धतीत मात्र मूल एकतर पूर्ण आत असते किंवा पूर्ण बाहेर, आणि एकदा दाखला काढला की परतीच्या वाटेवर पुन्हा वयाचा पुरावा, पुन्हा प्रवेश, पुन्हा त्याच सह्यांच्या अर्जाची धास्ती उभी राहते. वयानुरूप वर्गात थेट प्रवेशाची तरतूद कायद्यात आहे, हे मला ठाऊक आहे. ती आमच्यासाठीही आहे, असे एखाद्या परिपत्रकात लिहून आले, तर पुष्कळ आयांना झोप लागेल.

परीक्षांच्या बाबतीत तर आपल्याच घरात दोन वेगळे नियम आहेत. राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीची परीक्षा घेते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत, आणि १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसलेली मुले तर प्रत्येक गावात आहेत. म्हणजे शाळेबाहेर राहून मूल शिकू शकते, हे शासनाला परीक्षेच्या दिवशी मान्य आहे. त्या परीक्षेच्या आधीची जी वर्षे घरात जातात, तेवढीच अमान्य आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला ६.१२ हा परिच्छेद आपण माझ्याहून बारकाईने वाचला असेल. तीव्र आणि अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय कायम राहील, ती मुले इतर कोणत्याही मुलाच्या बरोबरीची मानली जातील, आणि या शिक्षणाची तपासणी करून त्याआधारे मार्गदर्शक सूचना व मानके तयार केली जातील, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात अशी तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल मराठीतून जाहीर करावा. झाली नसेल तर ती सुरू करावी आणि तिच्यात अधिकाऱ्यांबरोबर चार-दोन पालकही असावेत. ३ डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. आमची फाइल आपल्या विभागातून त्या विभागात आणि तिथून परत, असा प्रवास यापुढे तरी होऊ नये.

शेवटी, सर्वेक्षणाला आलेल्या त्या बाईंविषयी. त्या निघाल्यावर मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि त्यांनी सोडलेल्या ओल्या छत्रीच्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या हातात जो कागद होता त्यात जे होते तेच त्यांनी लिहिले, आणि तो कागद त्या करत नाहीत, आपले कार्यालय करते.

आपण किंवा आपल्या वतीने आमचे केंद्रप्रमुख प्रत्यक्ष येऊन पाहू इच्छित असतील, तर मंगळवार आणि शुक्रवारी दहा ते अकरा ही मोजमापाची वेळ आहे. येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे पाहुण्याचे चित्र मला दोरीवर लावता येईल. दारावरची बेल कृपया वाजवू नये. कडी हळू वाजवावी, मी दाराशीच असेन. तो आपल्याकडे पाहणार नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. बहुधा थोड्या वेळाने तो आपल्यासमोर रिकामे चिपटे आणून ठेवेल. ते ज्वारीने काठोकाठ भरून, वरून हात फिरवून सपाट करून द्यावे. शीग ठेवलेले माप तो परत करतो.

आपली,
एका अकरा वर्षांच्या विद्यार्थ्याची आई
सांगली जिल्हा